जुन्या गाडीला जाड ऑइल?

जुनी गाडी म्हटली की तिला जाड ऑइल हवे, हा समज सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावी इतका मुरलेला आहे, की गाडी कोणत्या साली बनली, तिचे इंजिन कोणते, याची चौकशी न करताच चेंबरमध्ये वीस-चाळीस किंवा वीस-पन्नास ओतले जाते. या समजाला एके काळी आधार होता. काळीपिवळी म्हणून धावणाऱ्या जीपगाड्या, ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी यांची इंजिने धीम्या फेऱ्यांची होती, त्यांच्या भागांतील फटी मोठ्या होत्या आणि जाड ऑइल त्यांना मानवत असे. आज तालुक्यात हातबदल होऊन येणाऱ्या स्विफ्ट डिझायर, अर्टिगा, इंडिका व्हिस्टा या गाड्या वयाने जुन्या असल्या, तरी त्यांची इंजिने त्या जुन्या घडणीची नाहीत. ऑइल ठरायला हवे ते इंजिनाच्या घडणीवरून. गाडीच्या वयाचा विचार त्यानंतरचा आहे.

डब्यावर ५डब्ल्यू-३० असे जे छापलेले असते, त्यातला पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहते हे सांगतो, तर दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती उरतो हे सांगतो. हा दाटपणा सेंटिस्टोक या एककात मोजतात. तीसच्या ऑइलला तो ९.३ ते १२.५ या मर्यादेत, तर पन्नासच्या ऑइलला १६.३ ते २१.९ या मर्यादेत राखावा लागतो. आपल्याकडे उन्हाळा कडक, म्हणून ऑइल जाड हवे, असा युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो वरवर पटणाराही आहे. परंतु थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातील पाण्याचे तापमान सांभाळणारी झडप, बाहेर मे महिन्याचे ऊन असो की डिसेंबरची पहाट, चालू इंजिनाला जवळपास एकाच तापमानावर आणून ठेवते. खरा फरक पडतो तो सकाळी किल्ली फिरवल्यावरच्या पहिल्या काही क्षणांत. ४० अंशालाही २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० च्या दुपटीहून अधिक दाट असते. मग हिवाळ्यातील पहाटे ते वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोहोचायला किती वेळ घेत असेल, याची कल्पना करता येते. तेवढा वेळ धातूवर धातू घासतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच घडलेले आहे. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतील कारखान्यात १२४८ सीसीचे मल्टीजेट डिझेल इंजिन बनत होते. फियाटच्या गाड्यांत ते त्याच नावाने, टाटांच्या गाड्यांत क्वाड्राजेट म्हणून आणि मारुतीच्या गाड्यांत डीडीआयएस म्हणून बसले. २०१२ च्या करारानंतर रांजणगावची इंजिने मारुतीलाही पुरवली गेली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाले, मारुतीने डिझेल गाड्या थांबवल्या आणि या इंजिनाच्या गाड्या जुन्या बाजारातच मिळू लागल्या. या इंजिनात टायमिंग बेल्टऐवजी साखळी आहे आणि ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. त्याच्याच जोडीला टर्बो आहे, ज्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. असे इंजिन सुरू होताना ऑइल उशिरा पोहोचले, किंवा वर्षानुवर्षे न बदललेल्या ऑइलचा गाळ झाला, की साखळी वाजू लागते, टर्बो शिट्टी मारू लागतो, आणि मिस्त्री इंजिन काम काढायला सांगतो. मारुतीने या इंजिनासाठी ५डब्ल्यू-३० सांगितले आहे. केवळ गाडी दहा वर्षांची झाली म्हणून त्यात वीस-पन्नास घालणे हा त्या इंजिनावर अन्याय आहे.

दाटपणा जुळला म्हणजे निवड पूर्ण झाली, असेही नाही. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, ऑइलचा दर्जा अक्षरांनी दाखवते. ‘एस’ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनांसाठी, ‘सी’ने सुरू होणारी डिझेलसाठी, आणि एसएनपेक्षा २०२० मध्ये आलेली एसपी ही श्रेणी नवी. युरोपीय कंपन्या याहून पुढे जाऊन स्वतःचे मान्यता-क्रमांक देतात. हा विषय सिल्लोडच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याला परका नाही, कारण २००१ पासून शेंद्रा येथे स्कोडाच्या गाड्या जुळवल्या जात आहेत. तिथल्या लॉराच्या १.९ लिटर डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर थेट कॅमशाफ्टच्या दाबाने चालतो, त्यामुळे कॅमच्या उंचवट्यांवर प्रचंड भार येतो, आणि म्हणूनच त्याला फोक्सवॅगनच्या ५०५ ०१ या मान्यतेचे ऑइल लागते. स्वस्तात मिळाली म्हणून शहरातून अशी गाडी आणणाऱ्याने हा क्रमांक डब्याच्या मागच्या बाजूला स्वतः वाचून घ्यावा.

फिल्टरकडे तर ग्राहकाचे लक्षच नसते. ऑइल कोणत्या कंपनीचे, यावर दुकानात घासाघीस होते आणि फिल्टर मात्र जो हाताला लागेल तो बसवला जातो, किंवा ‘अजून चांगला आहे’ म्हणून जुनाच ठेवला जातो. वास्तविक डबीसारख्या फिल्टरच्या आत घडीच्या कागदाशिवाय दोन झडपा असू शकतात. एक झडप गाडी बंद असताना ऑइल परत खाली उतरू देत नाही; ती हलकी असली तर रोज सकाळी इंजिन काही क्षण कोरडे खडखडते. दुसरी, म्हणजे बायपास झडप, कागद तुंबला तर ऑइलला न गाळताच पुढे वाट देते, कारण घाण ऑइल हे ऑइलच नसण्यापेक्षा बरे. मात्र गार जाड ऑइलही हीच झडप उघडायला लावते, आणि तेवढा वेळ नवाकोरा फिल्टरसुद्धा निरुपयोगी ठरतो. मल्टीजेटसारख्या इंजिनांत नुसता कागदी फिल्टर टोपणाखाली बसतो. तिथे फिल्टरसोबत मिळणारे नवे रबरी कडे न वापरता जुनेच ठेवले तर ऑइल झिरपते. डबीच्या फिल्टरचे जुने रबर इंजिनालाच चिकटून राहिले आणि त्यावर नवे बसले, तर महामार्गावर सगळे ऑइल उडून इंजिन जॅम होऊ शकते.

जुना फिल्टर फेकण्यापूर्वी कापून त्याचा कागद पसरवला, तर विकणाऱ्याने न सांगितलेले बरेच काही दिसते. चमकणारे कण लोहचुंबकाला चिकटले तर ते लोखंडाचे. न चिकटणारे पिवळसर किंवा रुपेरी असतील तर बेअरिंगचा थर निघत असण्याची शक्यता असते. ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. डिझेलचे ऑइल काळे दिसणे मात्र दोष नव्हे, कारण काजळी स्वतःत धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. विक्रीपूर्वी मुद्दाम जाड ऑइल भरून रिंगांचा धूर आणि बेअरिंगचा आवाज दाबण्याची रीत सर्वत्र आहे. म्हणून गाडी घेताच पहिली ऑइल बदली खरेदीच्या किमतीतच धरावी, दुसरी हजार-दीड हजार किलोमीटरवर करावी, आणि गाळ एकदम सुटून चेंबरमधील जाळी तुंबवणारे फ्लश टाळावे. गाडी खरोखरच ऑइल खात असेल, तर पुस्तिकेने परवानगी दिलेल्या मर्यादेत तीसवरून चाळीसवर जाणे समजण्यासारखे आहे. त्यापुढे ऑइल हा इलाजच उरत नाही.

कंपन्यांची पुस्तिका साधारणपणे दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष सांगते, परंतु धूळ, थोडे थोडे अंतर आणि उभ्या गाडीत चालू इंजिन यांना ती ‘कठीण परिस्थिती’ म्हणते आणि तिथे मुदत कमी करायला सांगते. मका, कापूस, मिरचीच्या हंगामात शेतरस्त्यांवरून बाजारात येणारी आणि उरलेल्या दिवसांत गावातल्या गावात फिरणारी सिल्लोडची गाडी याच वर्गात मोडते. तिला पाच हजार किलोमीटर पुरे. बीएस-६ डिझेल गाडीबाबत आणखी एक सावधगिरी लागते. तिच्या धुराड्यातील काजळीची जाळी कमी राखेचेच ऑइल सहन करते, आणि छोट्या फेऱ्यांत ती जाळी नीट जळून साफ झाली नाही तर डिझेल ऑइलमध्ये उतरते. मग गेजकाडीवर पातळी वाढलेली दिसते, आणि ऑइल वाढले म्हणून मालक निश्चिंत होतो, तेव्हाच ते पातळ होऊन निकामी होत असते.

डबा सीलबंद घ्यावा, बिल घ्यावे, आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाकावा, कारण बनावट ऑइलवाल्यांना चांगल्या नावाचा अखंड डबाच हवा असतो. उरते ते जळके ऑइल. ते सेंट्रिंगच्या पाट्यांना लावले जाते, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासले जाते आणि उरलेले गटारात जाते. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा होऊन पुन्हा शुद्ध व्हावे याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्यांवरही आलेली आहे. नगर परिषदेने गॅरेजवाल्यांना एकत्र बोलावून पिंपे ठेवण्याची जागा आणि ती उचलण्याचा वार ठरवून दिला, तर ही जबाबदारी सिल्लोडपर्यंत आणण्यासाठी कंपन्यांकडे नाव घेऊन मागणी करता येईल.