ग्रेस मार्क

इंजिनीअरिंगच्या पोरांना 'ग्रेस' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मॅथ्सचा निकाल लागला की पास झालास का, ह्याच्याही आधी आपण विचारतो, "ग्रेस लागले का रे?" आपण न कमावलेले आणि तरीही आपल्याला तारून नेणारे मार्क! ह्याच शब्दाचं मराठी म्हणजे 'कृपा'. ख्रिस्ती धर्मात ह्या शब्दाला फार मोठी जागा आहे. पण मित्रांनो, हा लेख धर्मावर नाही. दारूवर आहे, आणि त्याहून जास्त दारू सुटण्यावर आहे.

आपल्याकडे दारू सोडण्याच्या पद्धती ठरलेल्या. श्रावण पाळायचा. पण त्याआधी गटारी जोरात झाली पाहिजे! मग महिनाभर कडकडीत, आणि गणपती गेले की पुन्हा 'बसायचं'. दुसरी पद्धत शपथेची. आईची, पोराची, देवाची. तिसरी लोकलच्या डब्यात चिकटवलेली असते : 'न सांगता दारू सोडवा'. ज्याची सोडवायची त्यालाच न सांगता! ह्यात एक पद्धत खरंच जुनी आणि भक्कम आहे, ती म्हणजे वारकऱ्यांची. गळ्यात माळ पडली की दारू बंद. ही माळ का टिकते आणि शपथ का मोडते, ह्याचा विचार आपण करत नाही. मला वाटतं, शपथ माणूस एकट्याने घेतो. माळ घातली की सोबत अख्खी दिंडी असते.

हे मला कळलं ते माझ्या मामामुळे. मामा कल्याण पूर्वेला राहतो. कंपनी बंद पडली आणि आधी रविवारची असलेली बाटली रोजची झाली. वरच्या सगळ्या पद्धती करून झाल्या. पावडरसुद्धा झाली, मामीने भाजीत घालून दिली. शेवटी कंपनीतला एक जुना सोबती घरी आला. तो ख्रिश्चन, स्वतः एकेकाळी पक्का बेवडा (हा शब्द त्याचाच). त्याने आधी मामाला डॉक्टरकडे नेऊन ॲडमिट केलं आणि नंतर संध्याकाळच्या मीटिंगला. मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये. झालं! चाळीत कुजबुज सुरू, "बाटला वाटतं!" मामी एकदाच बोलली, "बाटलीतून सुटला. त्याला बाटला म्हणायचं तर म्हणा."

आज सहा वर्षं झाली. मामा अजून गणपतीची आरती तार स्वरात म्हणतो. आणि मीटिंगलाही जातो. मी त्याला विचारलं, "मामा, तिथे असं काय मिळालं?" तो म्हणाला, "अरे, घरी सगळे विचारायचे, का पितोस? तिथे कोणीच नाही विचारलं. म्हणाले, बस, चहा घे."

ह्या मीटिंगांचा इतिहास मी मुद्दाम शोधून वाचला, आणि तो मला इंजिनीअरिंगच्या केस स्टडीइतका इंटरेस्टिंग वाटला. मे १९३५. अमेरिकेतलं ॲक्रन हे टायर कारखान्यांचं गाव. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन धंद्याचं काम फिसकटल्यावर तिथल्या हॉटेलच्या लॉबीत उभा होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. एका बाजूला बारचा गलबला, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि शेजारी गावातल्या चर्चेसची यादी. त्याने एका पाद्रींना फोन लावला. मागणी काय, तर 'मला बोलायला एखादा दारुडा हवाय!' कारण आपण न पिता राहायचं तर दुसऱ्या पिणाऱ्याशी बोललं पाहिजे, हे त्याला उमगलं होतं. त्या फोनमधून ओळखी निघत निघत तो डॉ. बॉब स्मिथ ह्या सर्जनपर्यंत पोचला. डॉक्टर फक्त पंधरा मिनिटं द्यायला तयार होते. बोलणं चाललं सहा तासांहून जास्त! १० जून १९३५ ला डॉ. बॉबनी शेवटचा पेग घेतला, आणि तोच दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', म्हणजे ए.ए.चा वाढदिवस मानतात.

हे दोघेही 'ऑक्सफर्ड ग्रुप' नावाच्या ख्रिस्ती चळवळीच्या संपर्कातले. आपली हार कबूल करा, चुका दुसऱ्या माणसासमोर बोला, ज्यांचं नुकसान केलंत त्यांची भरपाई करा, मग दुसऱ्याला मदत करा, ही ए.ए.च्या बारा पायऱ्यांमागची रीत तिथूनच आली. पण पायऱ्या लिहिताना नास्तिक सभासदांनी हट्ट धरला, आणि देव ज्याला जसा समजेल तसा, असं ठरलं. म्हणूनच मामाचा गणपती तिथे बिनधास्त बसू शकतो.

आता आपल्याकडचं उदाहरण. १९८१ साली फादर जो परेरा ह्यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात व्यसनमुक्तीचं काम सुरू केलं. फादर स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले. संस्थेचं नाव त्यांनी ठेवलं 'कृपा'! आपल्या वसईतही त्यांचं केंद्र आहे (२०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी वसई ठाणे जिल्ह्यातच होती). गंमत म्हणजे फादर हे पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींचे शिष्य. त्यामुळे 'कृपा'मध्ये बारा पायऱ्यांच्या जोडीला योगासनं असतात. २००९ साली फादरना पद्मश्री मिळाली. चर्चचे फादर, पुण्याचा योग आणि ॲक्रनच्या पायऱ्या, ही 'असेंब्ली' कुठल्याही डिझाइनच्या पेपरात बसणार नाही. पण ती चालते.

बायबलात उधळ्या पुत्राचा दाखला आहे. बापाचे पैसे उडवून, डुकरं राखायची वेळ आल्यावर मुलगा घरी परततो. नोकर म्हणून तरी ठेवा, हे म्हणायची तयारी करून येतो. बाप त्याला लांबूनच पाहतो आणि धावत जाऊन मिठी मारतो. हिशोब नंतरही मागत नाही. व्यसनी माणसाला हे ऐकून काय वाटत असेल! कारण त्याला बाकी सगळीकडे हिशोबच ऐकू येतो. ख्रिस्ती श्रद्धेतली आशा मला समजली ती इतकीच : तू लायक झालास की घेऊ असं नाही, तू ये, मग लायक होशील.

'हा सगळा इमोशनल मामला झाला, सायन्स कुठाय?' असं म्हणणाऱ्यांसाठी : २०२० साली कोक्रेनने २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांची आकडेवारी एकत्र तपासली. पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिच्याशी जोडून देणारी पद्धतशीर थेरपी ही दुसऱ्या प्रस्थापित थेरपींपेक्षा सरस ठरली. मात्र एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली तर फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तिथे आधी डॉक्टर हवा. डॉक्टरला बाजूला सारून केवळ प्रार्थनेवर बरं करण्याचं आश्वासन देणारा कुठल्याही धर्माचा असो, त्याच्यापासून लांब राहा. मामाच्या सोबत्यानेही आधी हॉस्पिटलच गाठलं होतं.

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? २०१९ च्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि ५.७ कोटींना त्यासाठी मदतीची गरज आहे. ते सगळे काही पन्नाशीचे नाहीत. महाराष्ट्रात बीअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, पण सबमिशन संपल्याच्या पार्टीत वय कोण विचारतो? प्रत्येक बॅचमध्ये एक असा असतोच, ज्याची पार्टी संपत नाही. आधी लेक्चर सुटतात, मग केटी लागतात, मग आपण त्याला 'टाकी' नाव ठेवतो आणि हसतो.

माझं म्हणणं एवढंच, की त्याला लेक्चर देऊ नका, त्याच्यासोबत जा. १४४४६ ही केंद्र सरकारची मोफत नशामुक्ती हेल्पलाइन आहे, ती लावताना शेजारी बसा. हॉल चर्चचा आहे की देवळाचा, ह्याची चौकशी नंतर करू. आणि हो, ग्रेस मिळायलाही पेपरला बसावं लागतं, गैरहजर पोराला ग्रेस लागत नाही. त्याला परीक्षेच्या हॉलपर्यंत नेणं, हे काम मात्र आपलं.

बघा, पटतंय का!