चपलेच्या पलीकडे

प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतोच. काम अकाउंट्सचं, पण शेअर बाजारापासून तुमच्या लग्नापर्यंत सगळ्यावर त्याचं मत तयार! अशा माणसासाठी इंग्रजीत एक झकास शब्द आहे: अल्ट्राक्रेपिडेरियन. म्हणजे जे कळत नाही त्यावरही अक्कल पाजळणारा.

लॅटिनमध्ये 'अल्ट्रा' म्हणजे पलीकडे आणि 'क्रेपिडा' म्हणजे चप्पल. रोमन लेखक प्लिनी याने सांगितलेली ही गोष्ट. अपेलीस हा ग्रीक चित्रकार आपलं चित्र बाहेर मांडायचा आणि मागे लपून लोकांचं बोलणं ऐकायचा. एका चपला शिवणाऱ्याने चित्रातल्या चपलेची चूक काढली. अपेलीसने ती मुकाट सुधारली. दुसऱ्या दिवशी स्वारी थेट पायावरच टीका करू लागली. अपेलीस बाहेर येऊन म्हणाला, बाबा रे, चपलेच्या वर जाऊ नकोस!

इंग्रजीत हा शब्द विल्यम हॅझलिटने १८१९मध्ये वापरला, संपादक विल्यम गिफर्डवर. १८२३मध्ये ली हंटने त्याच गिफर्डवर 'अल्ट्रा-क्रेपिडेरियस' नावाचं अख्खं विडंबनकाव्य छापलं. गंमत वाटते ना? पण यातली खोच बोचरी आहे. गिफर्ड लहानपणी खरोखरच जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारी करत होता. म्हणजे टोमणा त्याच्या टीकेला होताच, शिवाय 'पायरीने राहा' असंही त्याला सुनावलं जात होतं.

तेव्हा लंचटाइमला हा शब्द जरूर फेका. फक्त त्याआधी एकदा तपासा: आपण समोरच्याची चूक दाखवतोय, की त्याची पायरी?