जन्मतःच दोन घरच्या गाड्या

जीर्णोद्धार म्हटला कीं मूळ रूप कोणतें, हा प्रश्न प्रथम उभा राहतो. इंग्लंडांतील जुन्या शर्यतीच्या मोटारसायकलींच्या बाबतींत तो विशेषच अवघड आहे. कारण त्यांपैकीं पुष्कळ गाड्या जन्मतःच दोन घरच्या. इंजिन एका कारखान्याचें, तर तें बसविण्याची फ्रेम दुसऱ्याच कोणा कसबी कारागिराची.

१९५० सालीं बेलफास्टचे रेक्स मॅककँडलेस यांनीं योजिलेली फ्रेम नॉर्टन कंपनीच्या शर्यती गाड्यांस लाभली. ती इतकी सुखावह ठरली कीं तिला ‘फेदरबेड’, म्हणजे पिसांची गादी, असें नांव पडलें. आणि त्याच वर्षीं मॅन बेटावरील ज्युनियर व सीनियर या दोन्ही शर्यतींत पहिले तीनहि क्रमांक नॉर्टननें मिळविले. पुढें लहान शर्यती मोटारी बांधणाऱ्यांस नॉर्टनचें नुसतें इंजिन हवें असे, पण कंपनी सबंध गाडीच विके. मागें उरलेल्या रिकाम्या फ्रेममध्यें हौशी मंडळींनीं ट्रायम्फचें इंजिन बसविलें, व ‘ट्रायटन’ जन्मास आली. अशाच गाडीवर डेव्ह डिजेन्स यांनीं एका जोडीदारासह १९६५ सालीं बार्सेलोनाची चोवीस तासांची शर्यत जिंकली. रिकमन बंधूंनीं तर आपल्या गाडीस ‘मेटिस’, म्हणजे फ्रेंच भाषेंत संकरजात, असेंच नांव दिलें. हा प्रामाणिकपणा आम्हांस फार आवडतो!

आतां अशी गाडी पन्नास-साठ वर्षांनीं हातीं आली, तर तिला कोणत्या दिवसाच्या रूपांत परत न्यावयाचें? घरांतील जुन्या तंबोऱ्याच्या तारा, घोडी, खुंट्या बदलल्या तरी तो आजोबांचाच राहतो. भोपळा नि दांडी मात्र आपण जपतों. आमच्या मतें येथें तो मान फ्रेमचा आहे.

रेनॉल्ड्सच्या ५३१ जातीच्या पोलादी नळ्यांच्या भिंती अतिशय पातळ. त्या वितळवून न जोडतां, त्याहून कमी उष्णतेवर ब्राँझचा झाळ देऊन जोडीत, म्हणजे नळीचें बळ जळून जात नसे. कोपऱ्यांतील तो पिवळसर झाळ दिसावयास ओबडधोबड. म्हणून कित्येक उत्साही लोक तो कानशीनें घांसून गुळगुळीत करितात, आणि त्याबरोबर सांध्याचें बळहि घांसून टाकितात! ताशीं शंभर मैलांच्या वेगांत असा सांधा उलला तर पुढें काय होईल, हें सांगावयास नको. रंग उतरवून चिरा पाहाव्या, दोन्ही चाकें एका रेषेंत येतात कीं नाहीं तें तपासावें. झाळास हात लावूं नये.

मेटिसच्या फ्रेममध्यें आणखी एक मेख आहे. तिच्या नळ्यांतूनच इंजिनाचें तेल खेळतें. पूर्वीं एखादें इंजिन फुटलें असेल, तर त्याचा धातूचा चुरा त्या नळ्यांत दडून बसलेला असतो. नवें इंजिन बसविण्यापूर्वीं त्या पुनःपुन्हा धुतल्या नाहींत, तर पहिल्याच फेरींत सगळा खर्च पाण्यांत जातो.

फेरफारांस आमचा विरोध नाहीं. शर्यतींत उतरावयाचें तर नवे टायर, नव्या तारा व भरंवशाचे ब्रेक हवेतच. जीव जुन्या रबरापेक्षां मोलाचा आहे. मात्र त्यांसाठीं जुन्या फ्रेमला नवीं भोंकें पाडूं नयेत; नवा भाग वेगळ्या पट्टीनें कसावा. काढलेले भाग चिठ्ठ्या लावून पेटींत ठेवावे, आणि काय बदललें त्याची वही गाडीबरोबरच पुढच्या मालकाच्या हवालीं करावी. आजकाल हुबेहूब नव्या फ्रेमहि तयार होतात. त्यांत गैर कांहींच नाहीं; परंतु त्यांवर जुना नंबर ठोकून जुन्या किंमतीस विकणें, याला आम्ही लबाडीच म्हणूं.