बोलणे स्वस्त झाले, लिहिणे सुटले

२०२५ च्या ऑक्टोबरात साकीनाक्याच्या दुकानात बसलो असता भाच्याने माझ्या फोनवर ‘अरट्टाई’ घालून दिले. “मामू, व्हॉट्सअॅपसारखेच आहे, पण आपल्या देशातले,” असे त्याचे म्हणणे. अरट्टाई म्हणजे तामिळमध्ये गप्पा. झोहो या भारतीय कंपनीने ही सेवा २०२१ मध्येच आणली होती. पण २०२५ च्या सप्टेंबरअखेर लोक तिच्यावर तुटून पडले. नवी नोंदणी दिवसाला तीन हजारांवरून तीन दिवसांत साडेतीन लाखांवर गेली, असे झोहोचे श्रीधर वेंबू यांनी जाहीर केले होते.

माझ्या फोनमधल्या शेकडो नावांपैकी तिथे सापडले अकरा. कारागीर एकही नाही. मालेगावचे एक व्यापारी मात्र निघाले. त्यांना लावला, आवाज स्वच्छ आला, खुशाली विचारली, बाजार मंदा आहे हे दोघांनी एकमेकांना सांगितले. चाचणी झाली. मग भाव विचारायची वेळ आली आणि मी म्हणालो, “भाई, भाव लिहून पाठवा.”

त्याचे कारण सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी याच भाईंकडून अस्तराचे १,२०० मीटर कापड घेतले होते, तेही इंटरनेटवरच्या कॉलवर. कोणती सेवा होती ते सांगण्यात अर्थ नाही, दोष तिचा नव्हता. त्यांनी भाव सांगितला ‘उनहत्तर’. आवाज मध्येच तुटला, मी ऐकले ‘उनसठ’. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले, उर्दूतली गिनती मला तोंडपाठ, तरीही फसलो. ५९ चा माल समजून मी तो कुर्ल्याच्या एका कारखानदाराला ६४ ने देऊन मोकळा झालो. बिल आले ६९ चे. सहा हजार सुटायचे ते सहा हजार अंगावर आले. भाईंनी निम्मे सोसले, ही त्यांची शराफत. पण लेखी काहीच नव्हते. ते अडून बसले असते तर मी कोणाला काय दाखवणार होतो?

नव्वदच्या दशकात असे क्वचितच होई. तेव्हा रात्री अकरानंतर एसटीडीचा दर उतरे आणि पीसीओवर रांग लागे. काचेच्या खोलीत लाल आकडे पळू लागले की छातीत धडधड होई. म्हणून आम्ही आधीच चिठ्ठी करून नेत असू: ठाण किती, पन्हा किती, भाव काय, माल कधी निघणार. पलीकडचाही लिहून घेई. पैसे वाचवण्यासाठी केलेली ती चिठ्ठीच सौद्याचा कागद होऊन जाई.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, पण त्यावरून बोलायला मनाई होती. ती १ एप्रिल २००२ ला उठली. (अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून बोलणे वर्षानुवर्षे बंद ठेवले गेले, ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांना हे सांगायला नको.) २०१५ पासून व्हॉट्सअॅपवर बोलता येऊ लागले आणि मीटर डोळ्यांसमोरून गेला. त्याबरोबर चिठ्ठीही गेली. आता दिवसातून दहा वेळा बोलतो आणि दहाही वेळा काय ठरले ते डोक्यात ठेवतो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, तरी ही गत.

नव्या सेवेबद्दल दोन गोष्टी व्यापाऱ्याने जाणून घ्याव्यात. मी वापरून पाहिली तेव्हा तिच्यावरचे कॉल पूर्ण कुलपात जात होते, पण लेखी संदेशांना तसे कुलूप अजून लागायचे होते. म्हणजे कंपनीने मनात आणले तर ते वाचणे तिला शक्य होते. भाव आणि गिऱ्हाइकाची नावे हीच आपली पुंजी. कोणतीही सेवा असो, कुलूप आहे की नाही हे आधी विचारावे. दुसरे म्हणजे या सेवांचे आयुष्य. ‘हाइक’ हीदेखील आपल्या देशातलीच, तिचा गाजावाजा काय कमी होता? २०२१ च्या जानेवारीत बंद पडली. स्काइप इतके मोठे, तेही २०२५ च्या मे महिन्यात मिटले. ज्याचा हिशोब फक्त त्यांच्याकडे होता, त्याने काय केले असेल?

म्हणून मी दुकानात जाड पुठ्ठ्याची वही आणून ठेवली आहे. बोलणे कुठल्याही सेवेवर होवो, फोन ठेवल्यावर एक ओळ पाठवतो, पलीकडून ‘बरोबर’ आले की वहीत उतरवतो, आणि मगच मालाला हात लावतो. भाव अक्षरात नाही, आकड्यात. जरीकाम करणाऱ्या ज्या कारागिरांना वाचता येत नाही, त्यांना कापडाच्या तुकड्याचा फोटो धाडतो आणि नग, रंग, तारीख त्यांच्याच आवाजात परत मागवतो. पहिल्या आठवड्यात एकजण रागावला, “सेठ, जबानीवर भरोसा राहिला नाही का?” मी त्याला उनहत्तरचा किस्सा ऐकवला. तो हसला, आणि मग त्यानेच सांगितले की मागच्या ईदला एका व्यापाऱ्याने चाळीस दुपट्टे ‘मी तीसच सांगितले होते’ म्हणून परत केले होते. ते दहा दुपट्टे अजून त्याच्या घरी पडून आहेत.

अरट्टाई फोनमध्ये ठेवले आहे. कारागीर तिथे येतील तेव्हा येतील. मालेगावच्या भाईंचा त्यावरचा पहिला लेखी संदेश मी वहीत चिकटवला आहे: ८०० मीटर, पन्हा ५८, भाव ७१, माल मंगळवारी. दोन रुपये वाढवले आहेत, ते मात्र फोन करूनच बोलावे लागेल.