वानखेडेचे सामने, अहमदाबादचे खेळ आणि पाड्यावरच्या दोन खोल्या

जव्हार / मोखाडा : यंदा फेब्रुवारी-मार्चमध्ये टी-२० विश्वचषक झाला. इंग्लंड, वेस्ट इंडीज, नेपाळचे संघ वानखेडेवर खेळून गेले. त्याआधी २ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषकाची फायनल नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली. जव्हारहून मुंबई दीडशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला माणूस तिथे पोचतो. पण या सामन्यांसाठी आलेल्या परदेशी पाहुण्यांच्या खिशातला रुपया आपल्या दोन तालुक्यांत किती उतरला, हे स्टँडसमोरच्या कुठल्याही हॉटेलवाल्याला विचारून बघा. तो हसेल.

हे झालं गेलं. पुढची यादी मात्र मोठी आहे. २०२९ ची चॅम्पियन्स ट्रॉफी भारतात आहे. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्यात, २६ नोव्हेंबर २०२५ ला ग्लासगोच्या सभेत त्यावर शिक्कामोर्तब झालं. २०३१ चा वनडे विश्वचषक भारत आणि बांगलादेशात आहे, आणि २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही अहमदाबादचीच खटपट चालू आहे. मुंबई आणि अहमदाबाद, या दोन्हींच्या मधे पालघर जिल्हा बसलाय. हायवे मनोरवरून जातो, बुलेट ट्रेनची स्टेशनं विरार आणि बोईसरला होतायत. मनोरला वळलं की विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक असा राष्ट्रीय महामार्ग १६०-ए आहे. म्हणजे पाहुणा आपल्या दारावरूनच जाणार. तो थांबेल का, एवढाच प्रश्न आहे.

मॅच बघायला आलेला माणूस रोज मॅच बघत नाही. दोन सामन्यांच्या मधे त्याला तीन-चार दिवस मोकळे असतात. बहुतेक जण गोवा नाहीतर आग्रा गाठतात, कारण मोबाईलवर तेच दिसतं. जव्हारचं नाव टाकलं तर राजवाड्याचे आणि दाभोसाच्या धबधब्याचे फोटो येतात, ते बहुतेक पावसाळ्यातले. इथे पहिली गोम आहे. सामने उन्हाळ्याच्या तोंडाला असले की दाभोसाला पाण्याची नुसती धार उरलेली असते. फोटो बघून आलेला माणूस कोरडा कातळ बघून परत जाईल आणि तसंच लिहून ठेवील. त्या दिवसांत दाखवायचं असेल तर बोहाडा दाखवावा. होळीच्या आसपास मोखाड्यात आणि गावोगावी मुखवट्यांची सोंगं रात्रभर नाचतात, तसं दुसरीकडे बघायला मिळत नाही. पण त्याची तारीख चार महिने आधी कुठे छापलेली सापडते का? आपल्याला तिथी माहीत असते, त्याला कॅलेंडरची तारीख लागते.

दुसरी गोम त्याहून मोठी. दिवाळी झाली की आपले पाडे रिकामे होतात. भिवंडी, वसईच्या वीटभट्टीवर नाहीतर रेतीच्या कामाला कुटुंबच्या कुटुंब जातं आणि पावसाच्या तोंडाला परततं. म्हणजे पाहुण्यांचा हंगाम आणि स्थलांतराचा हंगाम एकच. ज्या घरात पाहुणा उतरवायचा, त्या घराला कुलूप. पर्यटनाच्या बैठकांत हे कोणी बोलत नाही, कारण बोलणारा कधी भट्टीवर गेलेला नसतो. पण माझ्या मते खरी कसोटी इथेच आहे. चार महिने घरी राहून भट्टीइतकी कमाई होत असेल तरच घरधनी थांबेल. भट्टीवाला आगाऊ उचल देतो. पाहुणा उचल देत नाही.

आणि पाणी. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात, पाणी मुंबईला. उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर. ज्या बाईला दोन हंड्यांसाठी तास घालवायचा आहे, तिला पाहुण्याच्या आंघोळीचं पाणी आणायला कसं सांगणार? पाण्याची सोय आधी, खोली नंतर. उलटं केलं तर त्या बाईच्याच डोक्यावर आणखी एक हंडा चढेल.

खोल्यांसाठी योजना नाही असं नाही. धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियान २ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. त्यात देशभरात १००० आदिवासी होमस्टे करायचे आहेत. नवीन खोल्यांसाठी ५ लाखांपर्यंत, असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी ३ लाखांपर्यंत आणि गावाच्या सामायिक गरजांसाठी ५ लाखांपर्यंत मदत. देशात १००० म्हणजे आपल्या वाट्याला किती, हे ज्याने त्याने बोटावर मोजावं. पण जी गावं आधी मागतील त्यांचा नंबर आधी लागेल. जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारायला काही लागत नाही. राज्याची निवास व न्याहारी योजना आहे. महिलांसाठी 'आई' धोरण आहे, त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो. ज्यांच्याकडे काजू, मोगरा, आंबा आहे त्यांना २०२० चं कृषी पर्यटन धोरण बघता येईल. माझ्याकडे मोगरा आहे, पण पहाटे कळ्या खुडायच्या की पाहुण्याला चहा द्यायचा, हे अजून घरात ठरलेलं नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, कारण त्यात माणूस अडकतो. परदेशी पाहुणा मुक्कामी ठेवला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन इमिग्रेशन खात्याला कळवावीच लागते. हॉटेलवाले त्याला 'सी फॉर्म' म्हणत आले. १९४६ चा जुना कायदा जाऊन २०२५ चा नवा आला, बंधन तेच राहिलं. पाड्यावरच्या घरालाही ते लागू आहे. पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो काढायचा, नोंद करायची. ज्या गावात रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं तिथे २४ तास पटकन संपतात. ग्रामपंचायतीच्या केंद्रातून ही नोंद करून देण्याची सोय झाली तर चार घरांचं काम एका ठिकाणी होईल.

पैशांचं तसं सोपं आहे. आपला क्यूआर कोड त्याच्या परदेशी बँकेच्या ॲपला चालेलच असं नाही. परदेशी पाहुण्यांसाठी 'यूपीआय वन वर्ल्ड' नावाचं पाकीट निघालंय, ते त्याने विमानतळावर घेतलं असेल तर आपला कोड चालतो. नाहीतर रोख. त्यामुळे सुटे ठेवा आणि दर लिहून लावा. गोरा दिसला की चहा दहाचा पन्नास होतो, ही सवय मुंबईत चालत असेल, इथे चार दुकानांत सगळ्यांची पत जाईल.

जेवणाला हॉटेलसारखं काही करायची गरज नाही. नाचणीची भाकरी, वरईचा भात, उडदाची डाळ, हेच त्याला हवं असतं. तिखट कमी, पाणी उकळलेलं, संडास स्वच्छ. अन्न परवान्याची नोंदणी टपरीलाही लागते, ती करून ठेवलेली बरी.

वारली चित्राला जीआय मानांकन आहे. तरी मुंबईच्या फुटपाथवर छापील वारली विकली जाते आणि पाहुणा तीच घेऊन घरी जातो. इथे चित्रकाराने चित्रामागे स्वतःचं नाव, गाव आणि मोबाईल नंबर लिहिला तरी फरक पडेल. तारप्याचंही तसंच. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना यंदा पद्मश्री जाहीर झाली. ज्या वाद्याला देशाने मान दिला ते पाहुण्यासमोर अर्धा तास फुकट वाजवून घ्यायचं आणि वर फोटो काढायचे, हे बंद व्हायला हवं. वाजवणाऱ्याचा दर आधी ठरला पाहिजे.

फोटोंवरून आठवलं. १९९२ च्या वावर-वांगणीपासून बाहेरचा माणूस इथे कॅमेरा घेऊन येतो तो बहुतेक कुपोषण शोधायला. उघड्या पोरांचे फोटो घेऊन गेलेले किती जण, त्याची गणती नाही. घरात, अंगणात, पोरांचा फोटो विचारल्याशिवाय नाही, हे गावाच्या वेशीवरच इंग्रजीत लिहून लावावं. त्याच फळ्यांवर धबधब्याचा धोकाही लिहावा. २०२० च्या जुलैत काळमांडवीला पाच तरुण बुडाले, ते तर आपलेच, पाणी ओळखणारे होते.

आता उत्साहात कर्ज काढणाऱ्यांसाठी. २०१० ला दिल्लीत राष्ट्रकुल झालं तेव्हा घराघरांत निवास-न्याहारीच्या खोल्या करा म्हणून सांगितलं होतं. अपेक्षेइतके परदेशी पाहुणे आले नाहीत. दिल्लीत तसं झालं, तर आपण अहमदाबादपासून किती लांब! म्हणून २०३० च्या पंधरा दिवसांवर हिशोब मांडून दहा खोल्या बांधू नयेत. मुंबई, ठाणे, नाशिकचा माणूस वर्षभर येतो, त्याच्या जोरावर दोन खोल्या चालत असतील तरच परदेशी पाहुणा हा वरचा नफा समजावा. पुण्याचं उदाहरण वेगळं आहे. जानेवारीत तिथे ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सायकल स्पर्धा झाली, ती मुळशी, मावळ, भोर, वेल्हे अशा तालुक्यांतून गेली. पाहुणे गेले तरी रस्ते तिथेच राहिले. आपल्या घाटांतून अशी स्पर्धा मागायला कोणी लोकप्रतिनिधी उभा राहिला तर लेखणी त्याच्या बाजूने चालेल.

रंगीत तालीम मात्र त्याआधीच आहे. नाशिक-त्र्यंबकच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. ऑगस्ट म्हणजे धबधबे भरलेले, माणसं गावात, भात लावून मोकळी. परदेशी भाविक आणि कॅमेरेवाले तिथे येतीलच, आणि त्र्यंबकहून मोखाडा एका घाटावर आहे. सी फॉर्म, दरपत्रक, संडास, इंग्रजी फळे, तारप्याचा दर, सगळं तिथे तपासून घेता येईल. त्यासाठी होमस्टेचे अर्ज आणि पाण्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावात एकत्र घालून यंदाच पाठवावी लागेल. ठराव करताना भट्टीवर गेलेल्यांची घरंही यादीत धरा, नाहीतर खोल्या पुन्हा नाक्यावरच्याच लोकांच्या होतील.