इबोला जंगलातून आला. पण पसरला कोठून?

१/ इबोलाची बातमी आली की आपल्याकडे एक ठरलेले वाक्य फिरू लागते : ‘माकडे-वटवाघळे खाणारे, प्रेतांना कवटाळणारे अडाणी लोक, दुसरे काय होणार?’ इतिहासाच्या कसोटीवर हे वाक्य टिकत नाही. त्याविरुद्ध पहिली साक्ष खुद्द पहिल्याच साथीची आहे.

२/ साल १९७६. तेव्हाचा झाईर, म्हणजे आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक. यांबुकू येथे बेल्जियन ननांनी चालवलेले १२० खाटांचे मिशन रुग्णालय होते. ऑगस्टच्या अखेरीस एक शिक्षक तापाने फणफणून तेथे आला. हिवताप समजून त्याला क्लोरोक्विनचे इंजेक्शन देण्यात आले. पुढे तो दगावला, आणि पाठोपाठ रुग्णांची रांग लागली.

३/ त्या रुग्णालयात परिचारिकांना दररोज सकाळी मोजून पाच सिरिंज मिळत. एका रुग्णाला टोचून झाले की सुई कोमट पाण्यात खळबळायची आणि पुढच्याला टोचायची. साथीत ३१८ जणांना लागण झाली आणि २८० दगावले. चौकशीत ८५ रुग्णांचा संसर्ग याच रुग्णालयातील इंजेक्शनांशी जोडला गेला. केवळ सुईतून लागण झालेल्यांपैकी एकही जण वाचला नाही.

४/ त्या नन दुष्ट नव्हत्या. त्यांच्यापैकीही काहींनी प्राण गमावले. १७ कर्मचाऱ्यांपैकी ११ मरण पावले आणि ३० सप्टेंबरला रुग्णालय बंद पडले. आंतरराष्ट्रीय पथक ऑक्टोबरमध्ये पोहोचले, तेव्हा साथ ओसरू लागली होती. देवीच्या साथींचा अनुभव असलेल्या गावकऱ्यांनी स्वतःहून रस्ते अडवले होते. मग अडाणी कोणाला म्हणायचे?

५/ आता हा रोग पसरतो कसा, ते पाहू. इबोला हवेतून पसरत नाही. रुग्णाचे रक्त, उलटी, जुलाब, घाम यांचा थेट स्पर्श लागतो. लक्षणे दिसण्यापूर्वी रुग्णाकडून लागण होत नाही. संसर्गानंतर २ ते २१ दिवसांत ती दिसतात. विषाणू सर्वाधिक असतो तो अखेरच्या दिवसांत आणि मृतदेहात. म्हणून बळी जातो तो शुश्रूषा करणाऱ्याचा : आईचा, मुलीचा, परिचारिकेचा.

६/ १९९५, किक्विट. रुग्णालयातील एका प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली. रोग इबोला आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. शस्त्रक्रिया करणारे आणि शुश्रूषा करणारे आजारी पडत गेले. ३१५ रुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश आरोग्य कर्मचारी होते. हातमोजे, गाऊन आणि मुखपट्ट्या पोहोचल्यावर त्यांच्यातील लागण थांबली.

७/ यावर प्रतिवाद होईल : ‘पण अंत्यसंस्कारांतून रोग पसरलाच ना?’ पसरला. २०१४ मध्ये गिनी आणि सिएरा लिओनमध्ये प्रेताला स्नान घालण्याच्या प्रथेने अनेक बळी घेतले, हे नाकारणे म्हणजे इतिहासाशी अप्रामाणिकपणा. परंतु आपल्या माणसाला अखेरचे स्नान घालणे हे अज्ञान नव्हे, ती माया आहे. आप्तांना दूर लोटून प्रेते नेली, तेव्हा लोकांनी ती लपवली. कुटुंबाला सोबत घेऊन, प्रार्थनेला जागा ठेवून सुरक्षित दफन होऊ लागले, तेव्हा लोक सहकार्य करू लागले.

८/ त्या साथीचा आरंभ डिसेंबर २०१३ मध्ये गिनीतील मेलियांदू गावी झाला. निदान झाले मार्च २०१४ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली ८ ऑगस्टला. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत लाख लोकांमागे एक-दोन डॉक्टर होते. २८,६०० हून अधिक रुग्ण आणि ११,३०० हून अधिक मृत्यू. या आकड्यांचा हिशेब केवळ प्रेतस्नानावर मांडणार? मन्रोव्हियातील वेस्ट पॉइंट वस्तीला सैन्याने वेढा घातला, गोळीबारात एक किशोरवयीन मुलगा मेला आणि दहा दिवसांत वेढा उठवावा लागला.

९/ उलट उदाहरण युगांडातील गुलूचे, साल २०००. अचोली लोकांत ‘गेमो’ नावाच्या साथीसाठी जुने नियम होते : रुग्णाला वेगळ्या घरात ठेवा, दारी खूण लावा, बरा झालेल्यानेच शुश्रूषा करावी, प्रवास टाळा. आधुनिक साथशास्त्र याहून फारसे वेगळे काय सांगते?

१०/ १९७६ मध्ये यांबुकूला प्रथम पोहोचलेल्या शास्त्रज्ञांपैकी एक झाँ-जाक मुयेम्बे. उघड्या हातांनी रक्ताचे नमुने घेणारा हा काँगोचा सुपुत्र. किक्विटमधून वाचलेल्या एका व्यक्तीच्या रक्तातील प्रतिपिंडापासून पुढे औषध घडले, त्या कामातही त्यांचा मोठा वाटा आहे. ज्यांना आपण ‘अडाणी’ म्हणतो, त्यांच्याच रक्तातून आणि बुद्धीतून हा उपाय आला.

११/ विषाणू जंगलातून येतो, हे खरे. पण एका रुग्णाची साथ होते ती पाच सिरिंजांच्या हिशेबातून, हातमोज्यांच्या तुटवड्यातून आणि उशिरा जागे होणाऱ्या संस्थांतून. तेव्हा पुढच्या वेळी ते ठरलेले वाक्य समोर आले, तर एकच प्रश्न विचारा : त्या दिवशी रुग्णालयात सुया किती होत्या?