नाविकचे वय मोजायला हवे

आकाशातला उपग्रह दिसतो, म्हणून तो कामाचा असतोच असे नाही. नाविक या भारताच्या उपग्रह-दिशादर्शन प्रणालीतला, १ जुलै २०१३ रोजी गेलेला आयआरएनएसएस-१ए आजही कक्षेत आहे, पण त्यावरची तिन्ही रुबिडियम अणुघड्याळे २०१६ पर्यंत बंद पडली. घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकले तर अंतर ३०० मीटरने चुकते. मग असा उपग्रह दिशादर्शनाच्या काय कामाचा?

त्याच्या बदलीचा १एच ऑगस्ट २०१७ मध्ये उष्णताकवचातच अडकला. अखेर ती जागा एप्रिल २०१८ मध्ये १आय ने घेतली. जानेवारी २०२५ मध्ये गेलेला नव्या पिढीचा एनव्हीएस-०२ तर झडप न उघडल्याने लंबवर्तुळाकार कक्षेतच राहिला. त्या पिढीत एकट्या २०२३ च्या एनव्हीएस-०१ ने, स्वदेशी अणुघड्याळासह, लाज राखली.

मूळ रचना सात उपग्रहांची. त्यांतल्या १बी चे अपेक्षित आयुष्य १० वर्षे; ती एप्रिल २०२४ मध्येच भरली. जुलै २०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितले, की दिशादर्शनासाठी चारच उपग्रह चालू आहेत. स्थान काढायला किमान चार लागतात; म्हणजे तेव्हा राखीव एकही नव्हता.

अमेरिकेत जीपीएसचा एखादा उपग्रह दुरुस्तीसाठी बाजूला काढला, तरी तटरक्षक दलाच्या संकेतस्थळावर तशी सूचना लागते. १९९७ चा उपग्रह साडेसात वर्षांचा हिशेब ओलांडून पाव शतक चालला, हेही तिथल्या नोंदींमुळेच कळते. आपल्याकडेही प्रत्येक उपग्रहाचे वय, रेखांश आणि चालू घड्याळे यांचा तक्ता इस्रोने दरमहा ठळकपणे जाहीर करावा. त्यासाठी खासदाराच्या प्रश्नाची वाट पाहायला लावू नये.